वाघडोहाची मुरी

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय रामसिंगजी, व्यासपीठावर विराजमान प्राचार्य महोदय, विद्यापीठातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुख आणि माझ्या गुरू डॉ. शुभांगी उलेमाले मॅडम, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या मॅडमच्या मातोश्री प्रयागबाई, इंझोरीहून खास आलेले उकंडराव, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि जमलेली सगळी वडीलधारी मंडळी, आपणा सर्वांना रीता लालसिंग राठोडचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या समीक्षाताईंनी मला बोलावताना "मोजक्या शब्दांत" असं फार गोड आवाजात सांगितलं. ताई, मी प्रयत्न करते. पण ज्या बाईंनी मला बेडकाचं धडधडतं हृदय पहिल्यांदा दाखवलं, त्यांच्याविषयी मोजकं बोलायचं तरी कसं? माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडमची शिस्त सांगितली, वक्तशीरपणा सांगितला, तपासणी समितीच्या वेळची त्यांची धावपळ सांगितली. ते सगळं खरं आहे आणि माझं त्याला अनुमोदन आहे. मला मात्र तुम्हाला एका माशाची गोष्ट सांगायची आहे.

हसा, हसा. मासा खरंच लहान आहे. करंगळीपेक्षाही आखूड.

त्या माशाकडे जायचं तर आधी आपल्या प्रयोगशाळेमागच्या लांबट खोलीतून जावं लागेल. कागदोपत्री तिचं नाव "प्राणिसंग्रह". विद्यार्थ्यांच्या भाषेत "बरण्यांची खोली". इथं बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी त्या खोलीच्या दारातूनच नाक दाबून पळ काढलेला आहे, मला नावंही माहीत आहेत. आत काचेच्या बरण्यांमध्ये घोणस आहे, मण्यार आहे, फुरसं आहे, पाण्यातली दिवड आहे. मरळ, शिंगाळा, वाम आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच जमिनीतून वर येऊन पुन्हा गडप होणारे बेडूक आहेत. मॅडमच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांतल्या प्राध्यापकांनी ते सगळं जमवलं आणि मॅडमनी सांभाळलं. बरणीतलं द्रावण उडून जातं, झाकणं सैल होतात, चिठ्ठ्या फिकट होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे लग्नं उरकत असताना मॅडम बरण्या भरत बसायच्या.

मी तांड्यावरून इथं शिकायला आले तेव्हा ती खोली पहिल्यांदा पाहिली. माझे आईवडील वर्षातले काही महिने ऊसतोडीला जायचे, त्यामुळे घरी बरणी म्हणजे लोणच्याची, एवढंच मला ठाऊक. बरणीत वेटोळं घालून बसलेली घोणस पाहिली आणि मी दोन पावलं मागे सरले. मॅडम म्हणाल्या, "ये, ये. हिची नि माझी जुनी ओळख आहे. कधी वर तोंड करून बोलली नाही."

मी विचारलं, "मॅडम, मेलेल्या जनावरायले कायले सांभाळून राह्यल्या तुमी?"

माझी भाषा ऐकून वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या अनसिंगच्या, वडील शालिकरामजी उलेमाल्यांच्या भाजीच्या मळ्यात वाढलेल्या. त्यांनी मला माझ्याच बोलीत उत्तर दिलं, "जितं असते ते पयून जाते, अन् मानूस असते ते इसरून जाते. हे दोन्ही करत नाई, म्हनून."

त्या दिवसापासून मी त्या खोलीची झाले.

आता जरा जगाकडे जाऊ. सभागृहातल्या मुलांनो, इकडे लक्ष द्या, कारण हे सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. आपल्या या खोलीची भावंडं जगभर आहेत. मोठमोठ्या शहरांतल्या निसर्गसंग्रहालयांत मजल्यावर मजले नुसते मासे, बेडूक, सरडे आणि साप यांच्या बरण्यांनी भरलेले आहेत. लोकांना दिसतात ते दर्शनी दालनातले सांगाडे. खरा खजिना मागे बंद दारांआड असतो. तिथं असे बेडूक आहेत, जे पृथ्वीवर आता कुठेही डराँव करत नाहीत. आज एखाद्या डोंगरातले बेडूक पटापट मरू लागले की संशोधक जातात आणि शंभर वर्षांपूर्वीच्या बरणीतल्या बेडकाची कातडी कापसाच्या बोळ्याने पुसून बघतात की हा रोग तेव्हाही होता का! म्हणजे ज्या माणसानं तो बेडूक ठेवला, त्याला त्या रोगाचं नावही ठाऊक नव्हतं. तरी त्यानं आपल्यासाठी उत्तर ठेवून दिलं. याहून थरारक काही असतं का, सांगा बरं?

आणि या सगळ्या बरण्यांमध्ये एक बरणी मानाची असते. एखाद्या जातीला नाव देताना ज्या एका नमुन्यावर ते नाव दिलं जातं, तो त्या जातीचा नामधारक नमुना. जगात कुणालाही शंका आली की त्या एका माशाकडे, त्या एका सरड्याकडे जायचं. तो म्हणेल ते खरं. म्हणून त्याचं कपाट वेगळं आणि त्याच्यावर जीव जास्त.

तर, साधारण दोन वर्षांपूर्वी मॅडमना जर्मनीतल्या एका संग्रहालयातून निरोप आला. तिथल्या मत्स्यविभागाच्या डॉ. उर्सुला यांचा. त्यांचं म्हणणं असं, की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वऱ्हाडातून फिरणाऱ्या कुणा हौशी प्रवाशानं आपल्या अडाण नदीच्या खोऱ्यातून एक मुरी नेली होती. मुरी तुम्हाला माहीत आहे, वाळूत तोंड खुपसून बसणारी, मिशा असलेली बारकी मासोळी. पण हिच्या अंगावर वाघासारखे पट्टे होते. त्या एका मुरीवर जातीला नाव दिलं गेलं. नंतर महायुद्धात संग्रहालयावर बाँब पडले आणि ती बरणी जळून गेली. मागे राहिलं नाव आणि चार ओळींचं वर्णन. अशी जात खरंच होती, की साध्याच मुरीवर कुणाला पट्टे दिसले, हे सांगायला कुणी उरलं नाही. उर्सुलाबाईंनी या खंडातली, त्या खंडातली संग्रहालयं विचारून पाहिली होती. सगळीकडून नकार. शेवटी कुणीतरी त्यांना वाशीमच्या एका महाविद्यालयाचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे ती मुरी आहे का?

तेव्हा मी याच विभागात शिकवत होते. मॅडमनी मला हाक मारली ती ऐकून शिपाई धावत आला, त्याला वाटलं साप सुटला!

आम्ही दोघींनी मुऱ्यांची प्रत्येक बरणी उजेडात धरली. भिंग लावून पाहिलं. साधी मुरी, साधी मुरी, पुन्हा साधी मुरी. शेवटची बरणी खाली ठेवून मी म्हणाले, "नाही मॅडम. कळवून टाकू त्यांना."

मॅडम म्हणाल्या, "बरणीत नाही एवढंच कळलं. नदीत नाही असं कुठे कळलं?"

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही अडाणच्या खोऱ्यातला प्रत्येक ओढा, प्रत्येक नाला धुंडाळला. निवृत्तीला टेकलेली प्राध्यापक बाई पदर खोचून गुडघाभर पाण्यात जाळं टाकते आहे, हे दृश्य बघायला काठावर गर्दी व्हायची. कुणी विचारायचं, "मॅडम, पगार पुरत नाई का?" मॅडम म्हणायच्या, "पगार पुरतो, मासोळी पुरत नाही." संबंधित कार्यालयाची परवानगी त्यांनी आधीच काढून ठेवली होती, नाहीतर आम्हा दोघींना कुणी केव्हाच पोलिसांच्या गाडीत बसवलं असतं.

गावोगाव फिरून काही मिळेना, तेव्हा माझे वडील म्हणाले की आपल्या तांड्याच्या मागे, इंझोरीच्या शिवारात वाघडोह आहे, तोही बघून घ्या. दगडी खोबण आहे, त्यामुळे नाला आटला तरी तिथं पाणी राहतं. मे महिना होता. ऊन असं, की सावलीलाही घाम फुटावा. डोह पार खाली गेला होता, एखाद्या घराच्या अंगणाएवढं पाणी उरलेलं. मॅडमनी जाळं खाली सारलं, वाळूसकट उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"रीता," त्या म्हणाल्या, "हलू नको. मला दिसतंय तेच तुला दिसतंय का?"

जाळ्यात वाळू होती, शेवाळ होतं आणि त्यात वळवळत होती एक मुरी. सोनेरी अंग, त्यावर काळे पट्टे. जसे कुणी आत्ताच शाईने ओढलेले. बरणीतल्या माशांचे रंग उडून जातात हो, म्हणून त्या चार ओळींतून आम्हाला ती इतकी देखणी असेल असं कधी वाटलंच नव्हतं!

मॅडम रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही. माझे वडील काठावरून म्हणाले, "मॅडम, हे तं मुरी हाय. हिच्यासाठी सालभर उन्हात फिरून राह्यल्या तुमी?"

"हो लालसिंगभाऊ, हिच्यासाठीच," मॅडम म्हणाल्या. "हिच्यासाठी लोक सातासमुद्रापार बसून आहेत."

आम्ही पुन्हा पुन्हा जाळं टाकलं. मूठभर मुऱ्या मिळाल्या, आणखी थोड्या वाळूत दिसल्या. बस. सगळ्या जगात जेवढ्या माहीत आहेत तेवढ्या, त्या अंगणाएवढ्या पाण्यात.

आणि इथंच आमचं भांडण झालं. हो, भांडण. गुरुपौर्णिमेला पाया पडणारी मी, त्या दिवशी मॅडमशी कडाकडा भांडले.

माझ्या पिशवीत फॉर्मॅलिन तयार होतं. मी विचारलं, "मॅडम, बरणी काढू?"

मॅडम बादलीत बघत होत्या. म्हणाल्या, "नाही."

"नाही म्हणजे? मॅडम, तुम्हीच वर्गात सांगता ना, आधी नमुना दाखव, मग बोल? आपण काय दाखवणार? मोबाइलवरचा फोटो? कोण मानेल?"

"मला कळतंय गं."

"मग? दोन घेऊ. तीन घेऊ. नामधारक तर हवाच ना."

मॅडमचा आवाज चढला की त्यांची प्रमाण मराठी गळून पडते. "मले ठाऊक हाय सारं! जलमभर भरल्या बरन्या. पन इतल्याच असल्या तं? पट्टेवाल्या मुरीले शेवटची बरनीत भरनारी बाई मी होऊ का?"

"अन् डोह आटला तं मॅडम? आठ-पंधरा दिवसांत आटतेच तो. मंग ना जित्या राह्यतीन, ना बरनीत राह्यतीन. कोनाले समजनारबी नाई, की ह्या होत्या!"

आज या व्यासपीठावरून सांगते, माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. आणि मॅडमचं चुकीचं होतं असंही म्हणवत नाही. अशा वेळी माणसानं काय करावं? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. उर्सुलाबाईंना विचारावं तर तिथं फोन लागत नव्हता, आणि मॅडम म्हणाल्या, लागला असता तरी मी विचारलं नसतं.

आमचं असं चाललेलं असताना हे समोर बसलेले उकंडराव डोहावर आले. उकंडराव, सांगू का? सांगते. खांद्यावर पाइप, हातात पाना. डोहातलं शेवटचं पाणी त्यांच्या मिरचीला द्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "माह्या डोहात काय चालू हाय मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "उकंडराव, आज मोटर लावू नका."

"अन् माही मिरची? मिरचीनं काय गुन्हा केला? मासोळीपायी झाडं वायवू?"

"मिरची वाळवू नका. मी मळ्यातली पोर आहे, वाळतं रोप मलाही बघवत नाही. मला फक्त ह्या मासोळ्या सुखरूप काढेपर्यंत वेळ द्या. पाणी मग तुमचंच."

उकंडराव काठावर बसले. बादलीत डोकावले. मग म्हणाले, "सुंदर हाय राजेहो," आणि पाइप खाली टाकून धोतर खोचून पाण्यात उतरले! एवढंच नाही, घरून दुधाच्या मोठाल्या कॅन आणल्या, घासून, धुऊन. त्या कॅन नसत्या तर आज ही गोष्ट नसती. उकंडराव, उभे राहा जरा. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.

ठरलं असं की मुऱ्या अनसिंगला न्यायच्या, मॅडमच्या मळ्यात. महाविद्यालयाच्या टाकीत नळाचं औषध टाकलेलं पाणी. मळ्यात मात्र विहीर, विहिरीवर हौद आणि हौदात दिवसभर पडणारी गार धार. पाऊस पडून नाला वाहता झाला की पुन्हा वाघडोहात सोडायच्या. माझ्या भावाची, किशनची गाडी होती. कॅनमध्ये डोहाचं पाणी, डोहाचीच वाळू, वरून ओलं पोतं, आणि पाण्यात हवा सोडायला बॅटरीवरचा छोटा पंप. निघालो.

मंगरूळपीरच्या अलीकडे रस्त्यावर लग्नाची वरात आडवी आली. दोन्ही बाजूंनी वाहनांच्या रांगा, मधे डीजे, नवरदेव घोड्यावर, आणि घोड्यापुढे सगळा गाव नाचतो आहे. गाडी मागेही जाईना, पुढेही जाईना. वरून सूर्य. त्यातच आमच्या पंपानं मान टाकली.

मॅडमनी हात कोपरापर्यंत कॅनमध्ये घातला आणि ओंजळीनं पाणी वर उडवायला लागल्या, हवा मिसळावी म्हणून. एका कॅनमध्ये त्या, दुसऱ्यात मी. पाणी कोमट होत होतं. मॅडम पुटपुटत होत्या, "थांबा गं बायांनो, थांबा थोडं." मी माझ्या आयुष्यात मॅडमना माशांना विनवताना तेव्हाच ऐकलं.

माझे वडील गाडीतून उतरले आणि सरळ वरातीत घुसले. आम्हाला वाटलं, भांडायला गेले. थोड्या वेळानं पाहतो तर वधूपक्षाची दोन-तीन माणसं बर्फाच्या लाद्या डोक्यावर घेऊन पळत येत आहेत! सरबतासाठी आणलेला बर्फ. वडिलांनी नवरीच्या मामाला काय सांगितलं असेल? "मॅडमच्या घरच्या पोरी हायेत, उनानं मरून राह्यल्या." मामा धावत आला, कॅनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "ह्या पोरी?" मग स्वतःच हसला आणि ओरडला, "अरे, बंद करा बे तो डीजे! बाजूला व्हा, गाडी जाऊ द्या!" नवरदेवाचा घोडा बाजूला घेतला गेला. आजपर्यंत नवरदेवाला बाजूला सारून पुढे गेलेली मुरी ही जगातली पहिलीच असावी.

कॅनभोवती बर्फ रचून आम्ही अनसिंग गाठलं. तोपर्यंत काही मुऱ्या उलट्या झाल्या होत्या. पोट वर.

मळ्यात प्रयागबाई दारात उभ्या. माळकरी घर. त्यांनी कॅनमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, "शुभे, आपल्या वावरात मासोळी? तुह्या बाच्या हौदात?"

"आई, खायला नाही आणल्या. पाहुण्या आहेत. पावसापर्यंत."

प्रयागबाईंनी पदर खोचला. मग हौदात शेवाळ आहे का ते बघायला स्वतःच पुढे गेल्या. पुढचे दिवस त्यांनी हौदाशेजारी बाज टाकली. खंड्या पक्षी तारेवर येऊन बसला की काठी घेऊन उठायच्या. मी कधी गेले की मला अहवाल मिळायचा, "त्या कोपऱ्यातली लबाड हाय. दुसरीच्या रेतीत घुसते." आजी, तुमची निरीक्षणं आम्ही पुढे शोधनिबंधात घेतली, तुमच्या नावासकट. तुम्ही आता जर्मनीत वाचल्या जाता.

पण त्या पहिल्या संध्याकाळी ज्या मुऱ्या वाटेत गेल्या होत्या, त्या मॅडमनी एका पांढऱ्या ताटात घेतल्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते. मी म्हणाले, "मी करते मॅडम." त्या म्हणाल्या, "नाही. ह्या माझ्या हातानं गेल्या. माझ्याच हातानं व्हायला पाहिजे." आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता त्यांनी एकेका मुरीचे पंख पसरले, टाचणीनं हलकेच धरले, पंखाचा बारीक कोपरा कापून जनुकीय तपासणीसाठी मद्यार्कात ठेवला आणि मग प्रत्येक मुरी द्रावणात उतरवली. तसे सुबक नमुने मी कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या चित्रांतसुद्धा पाहिलेले नाहीत.

आमच्या भांडणाचा निकाल कुणीच दिला नाही. तो त्या वाटेवर आपोआप लागला.

पुढचं तुम्हाला वर्तमानपत्रातून माहीत आहे. उर्सुलाबाईंनी नमुने पाठवायला सांगितले. मॅडमनी कळवलं, "आमच्या देशाचा कायदा आहे, नामधारक आमच्याकडेच राहील. तुम्ही या." आणि त्या आल्या! वाशीमच्या उन्हात लाल होऊन, हातात भिंग घेऊन, बरण्यांच्या खोलीत उभ्या राहिल्या. मुरी पाहिली आणि मॅडमना घट्ट मिठी मारली. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती. पण मिशा, खवले, पट्टे, शेपटीचे काटे, या शब्दांवर त्या दोघी दिवसभर बोलत होत्या. जळून गेलेल्या नमुन्याच्या जागी नवा नामधारक ठरला. तो आता राष्ट्रीय संग्रहात सुरक्षित आहे, आणि त्याच्या भावंडांपैकी एक आपल्या खोलीत. ती जात खरी होती! शंभर वर्षांची शंका मिटली, आणि ती आपल्या जिल्ह्यात मिटली.

इथवर सगळं गोड आहे. पण सत्कारात फक्त गोडच सांगायचं असेल तर माझ्याऐवजी दुसरं कुणी उभं राहायला हवं होतं.

पाऊस आला, नाला वाहिला, आणि अनसिंगहून आणलेल्या जिवंत मुऱ्या आम्ही वाघडोहात सोडल्या. पुढचा, म्हणजे यंदाचा उन्हाळा आला. उकंडरावांनी या वर्षी डोहाला मोटर लावलीच नाही, मिरचीही कमी लावली. पाणी राहिलं. आम्ही जाळं टाकलं. काही नाही. पुन्हा गेलो. काही नाही. सगळा उन्हाळा जात राहिलो. वाळू उचलावी, चाळावी, आणि वाळूच उरावी.

शोधनिबंध छापून आला, अभिनंदनाचे फोन आले, मॅडम "धन्यवाद" म्हणत राहिल्या. एक दिवस बरण्या पुसताना मला म्हणाल्या, "रीता, मी वाचवायला गेले की संपवायला गेले गं? तिथंच राहू दिल्या असत्या तर कदाचित खडकाखाली जगल्या असत्या." मी फडका पिळत राहिले. ज्या बाईनं आयुष्यभर हजारो जीव जतन केले, तिला निवृत्त होताना हे एक ओझं घेऊन घरी जावं लागणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

आता जरा ऐका. मघाशी मॅडमनी मला विचारलं, "लालसिंगभाऊ दिसत नाहीत?" मी म्हणाले, कामात आहेत. ते वाघडोहावर बसले आहेत, राखण करत. काल दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "रीता, पाऊस उघडला, पानी निवळलं. काठच्या रेतीत बारकं बारकं पयून राह्यलं. तू येऊन पाह्य." आज सकाळी किशनच्या गाडीनं मी गेले. माझ्या साडीच्या काठाला हा चिखल दिसतो ना, तो त्या डोहाचा आहे. काचेच्या भांड्यात पाणी उचललं, उन्हात धरलं, भिंग लावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण मी शुभांगी उलेमाल्यांची विद्यार्थिनी आहे, घाईनं बोलायची मला सवय नाही.

मॅडम, पिल्लं आहेत. वाघडोहात पट्टेवाल्या मुरीची पिल्लं आहेत! भाताच्या दाण्याएवढी, आणि प्रत्येकाच्या अंगावर इवले इवले पट्टे. तुम्ही सोडलेल्या मुऱ्या मेल्या नव्हत्या. त्या तुमच्या जाळ्यात यायला तयार नव्हत्या, एवढंच. त्यांनी तिथं संसार मांडला आहे.

मॅडम... मॅडम, बसा ना. अहो, अजून मानपत्राचं वाचन आहे, अध्यक्षीय भाषण आहे, जेवण आहे. आजी, तुम्ही तरी सांगा त्यांना. नाही? तुम्हीपण निघालात? उकंडराव, तुम्हीसुद्धा?

अध्यक्ष महोदय, माझं बोलणं इथंच आवरतं. मला ही संधी दिली, सर्वांनी एवढ्या शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आपले मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, समीक्षाताईंचा वेळ तर गेलाच आहे, तर लहान समजून पोटात घाला. आणि सत्कारमूर्ती गळ्यातल्या हारासकट सभागृहातून बाहेर पडत आहेत, त्यांच्या वतीनंही मीच क्षमा मागते. किशनची गाडी फाटकाशी उभी आहे. मॅडम, थांबा, जाळं माझ्याजवळ आहे!